नावाचा धनी

रुमालाचा शोध नाक पुसण्यासाठी लागला अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी गणपतीच्या आदल्या दिवशी साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर जरा वेळ उभं राहावं. गाडी फलाटाला लागायच्या आत, ती अजून वळण घेत असतानाच, पंधरा-वीस हात खिडक्यांतून आत जातात आणि पंधरा-वीस रुमाल सीटांवर पडतात. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर पिशवी. एका गृहस्थांनी स्वतःचं पोर खिडकीतून आत सोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग मंडळी सावकाश दाराने आत येतात. गंमत पुढेच आहे. एखादा सज्जन आधी आत शिरून सीटपाशी उभा असला, तरी तो बसत नाही. तो रुमालाकडे बघतो, रुमाल त्याच्याकडे बघतो, आणि सज्जन मुकाट्याने पुढे सरकतो. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय ते मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, पण इतक्या निष्ठेने पाळला जाणारा दुसरा कायदा आपल्या देशात नसेल.

आता समजा, रुमालवाला आत आला आणि बसण्याऐवजी म्हणाला, "ही सीट दोनशे रुपयांना देतोय. बोला, कुणाला पाहिजे?" सगळी गाडी त्याच्या अंगावर धावून जाईल. म्हाताऱ्या बायकासुद्धा पिशव्या सावरत उठतील. पण का? रुमाल टाकायचा त्याचा हक्क मघाशी आपणच मान्य केला होता. तो बसला असता तर हुशार, आणि विकायला लागला तर चोर. सीट तीच, रुमाल तोच, माणूसही तोच. ह्या 'हुशार' आणि 'चोर'च्या मधे नक्की काय घडतं, ह्याचा विचार मला पेन्शनीत बसल्यावर करावा लागला, तो माझ्या सांगलीच्या भाच्यामुळे.

भाचा नावांचा धंदा करतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरांना बारशाची नावं सुचवत असेल. हल्ली लोक त्यालाही पैसे देतात म्हणे. पण तसं नाही. त्याचं सांगलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. ते चालतं जेमतेम. खरा जीव त्याचा डोमेनमध्ये. डोमेन म्हणजे इंटरनेटवरच्या घराची पाटी. घर नव्हे, नुसती पाटी! पाटी एका नावाची एकच असते, आणि जो आधी मागेल त्याची. वर्षाला हजार-बाराशे रुपये भरायचे की ती तुमची. 'विकत घेतलं' म्हणतात खरं, पण असतं भाड्यानं. भाडं थकवलं की पाटी उतरली आणि दुसऱ्याच्या दाराला लागली. भाच्याकडे अशा साठ पाट्या होत्या. एकाही पाटीच्या मागे घर नव्हतं. म्हणजे साठ दारांवर ह्याचे रुमाल पडलेले, आणि हा खाली उभा राहून गिऱ्हाइकाची वाट बघतोय.

त्यातल्या बहुतेक पाट्यांच्या शेवटी कॉइन, टोकन, चेन असली शेपटं होती. "मामा, क्रिप्टोवाल्यांना नावाशिवाय दुसरं असतं काय?" असं तो मला समजावून सांगायचा. हे मात्र मला पटलं. किराणा दुकानाला नाव नसलं तरी गूळ असतो. इथे गूळच नाही. बिटकॉइनचं मूळ टिपण निघालं २००८ च्या ऑक्टोबरात, आणि बिटकॉइन डॉट ऑर्ग हे नाव नोंदवलं गेलं होतं त्याच वर्षीच्या ऑगस्टात. आधी बारसं, मग बाळंतपण. पुढे त्याच्या मागे हजारो नाणी निघाली आणि प्रत्येकाला एक पाटी हवी झाली. २०१९ मध्ये ब्लॉक डॉट वन नावाच्या क्रिप्टोतल्या कंपनीने व्हॉइस डॉट कॉम ही पाटी तीन कोटी डॉलरना घेतली. रुपयांत दोनशे कोटींच्या वर गेलं. मी सौ.ला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि त्या घरात राहायला कोण आलं?" कुणी फारसं आलं नाही. त्यांनी तिथे मांडलेला संसार काही वर्षांत आटोपला. दोनशे कोटींची पाटी आणि आत भाडेकरू नाही, असं घर आमच्या सदाशिव पेठेत असतं तर भुताटकीचं म्हणून कुणी रात्री त्या बाजूला फिरकलं नसतं.

भाच्याचं दैवत मात्र दुसरं होतं. क्रिप्टो डॉट कॉम. त्याची गोष्ट तो सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतो, आणि साधुवाण्याच्या जागी मॅट ब्लेझ नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक असतात. ह्या गृहस्थांचा विषय सांकेतिक लिपीचा, म्हणजे क्रिप्टोग्राफीचा. १९९३ साली त्यांनी आपल्या विषयाचं लाडकं नाव म्हणून क्रिप्टो डॉट कॉम नोंदवलं. तेव्हा ही नावं फुकट मिळत. पैसे पडायला लागले ते १९९५ पासून. ह्यांनी तिथे आपले निबंध, टिपणं, अभ्यासाचे कागद ठेवले. पंचवीस वर्षं. मधल्या काळात 'क्रिप्टो' ह्या शब्दाचा अर्थच बदलला आणि लोक पैशांच्या थैल्या घेऊन दाराशी उभे राहिले. प्राध्यापक म्हणत, विकायचं नाही. विचारू नका. २०१८ साली अखेर मोनॅको नावाच्या एका क्रिप्टो कंपनीला त्यांनी ते दिलं. किती घेतले, ते दोघांनीही सांगितलं नाही. कंपनीने स्वतःचं नाव टाकून ती पाटीच नाव म्हणून घेतली. पुढे २०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या भल्यामोठ्या क्रीडागृहावर तेच नाव रंगवलं. म्हणजे जावई घरजावई होऊन वर सासऱ्याचं आडनाव लावून मिरवायला लागला.

"बघा मामा," भाचा म्हणतो, "फुकट घेतलेली वस्तू. नुसती धरून ठेवली." पण मला इथे त्याचा हिशेब चुकतो असं वाटतं. प्राध्यापक सीटवर बसलेले होते. पंचवीस वर्षं बसले, डबा खाल्ला, शेजारच्याशी गप्पा मारल्या. मग कुणी मुलाबाळांची मोठी पार्टी आली आणि म्हणाली, "आजोबा, उठता का? काय हवं ते देतो." आणि ते उठले. बसलेल्या माणसाने उठण्याचे पैसे घेणं आणि न बसलेल्याने बसू न देण्याचे पैसे घेणं, ह्यांत फरक आहे. आता प्राध्यापक विकणार नाही म्हणून शेवटी विकते झाले, ह्याबद्दल त्यांना कुणी बोल लावील. मी नाही लावणार. मला कुणी पंचवीस वर्षांत एकदाही थैली दाखवलेली नाही. त्यामुळे माझं चारित्र्य अजून तपासायचंच राहिलं आहे.

न बसणाऱ्यांचीही एक तऱ्हा नसते. २०२४ साली दिल्लीच्या एका तरुणाची गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. जिओ आणि हॉटस्टार एकत्र होणार असा अंदाज बांधून त्याने जिओहॉटस्टार हे नाव आधीच घेऊन ठेवलं आणि मग कंपनीला सांगितलं, माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव न्या. खर्च कोटीच्या घरातला. कंपनी बधली नाही. मग ते नाव दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी विकत घेतलं आणि कंपनीला फुकट देऊन टाकायची तयारी दाखवली. आमच्या पिढीतला कुठलाही बाप अशा पोरांना आधी जवळ घेईल आणि मग कोपऱ्यात नेऊन विचारील, "फुकट का?" त्या दिल्लीच्या पोराचा मात्र मला राग येत नाही. त्याचा अंदाज बरोबर होता, हीच त्याची अडचण. नावाला किंमत होती ती जिओमुळे आणि हॉटस्टारमुळे. ह्याने मधे घातलं होतं ते फक्त जोडाक्षर.

कोर्टांना हे फार पूर्वी कळलेलं आहे. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' अशी पाटी लावणाऱ्याला न्यायालयाने ती उतरवायला लावली. पण कोर्ट येतं ते दुसऱ्याचं नाव चोरलं तर. नुसता शब्द धरून ठेवला तर तो गुन्हा नाही. 'आंबा', 'पाऊस', 'मावशी', जे सुचेल ते घ्या आणि बसा.

आणि सांगली?

हाच तो मुद्दा, ज्यासाठी ताईचा फोन आला. "तू ये बाबा. बाप-लेक आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीयेत. स्वयंपाकघरातून निरोप जातात. माझे पाय दुखायला लागले." मी रुमाल घेतला आणि कऱ्हाड, पेठ नाका करत सांगलीला पोचलो.

भानगड अशी होती. भाच्याच्या साठ पाट्यांपैकी एकीला गिऱ्हाईक आलं होतं. ती पाटी मी इथे जशीच्या तशी छापत नाही. संपादकांवर माझा विश्वास आहे, वाचकांवर नाही. तीत सांगली आहे, हळद आहे आणि शेवटी कॉइन आहे, एवढं पुरे. घेणारा कुठला कोण, ते माहीत नाही. पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत आणि सही नुसत्या पहिल्या नावाची. चार लाख देतो म्हणाला. भाच्याच्या मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला. फी, होस्टेल, सगळं समोर उभं. झेरॉक्स एका पानाला दोन रुपये. दोन लाख पानं काढली की चार लाख होतात, तेही कागद आणि शाई फुकट मिळाली तर.

एवढं असून दाजींनी नाही म्हटलं होतं. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वय एकोणऐंशी. मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळदीची अडत केली. अजून त्यांच्या जवळ बसलं की हळदीचा वास येतो, आणि ताई म्हणते की धोतराचा खरा रंग कुठला ते तिला लग्नापासून माहीत नाही.

"या पाव्हणं," दाजी म्हणाले. "तुमचा भाचा गाव विकाय निघालाय."

"गाव नाही, नाव," भाचा आतून म्हणाला.

"हे बगा. बोलला. आठ दिसांनी बोलला."

मग मी मधे बसलो. मला वाटलं होतं, म्हाताऱ्याला इंटरनेटचं कळत नाही म्हणून आडमुठेपणा चाललाय. पण तसं मुळीच नव्हतं. न दिसणाऱ्या मालाचा व्यवहार सांगलीला कुणी शिकवावा! हळदीचे वायदे सांगलीत पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्यासाठी इथे स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होतं. हरिपूरला जमिनीच्या पोटात पेवं असत. तोंड अरुंद, पोट मोठं. हळद आत भरायची, तोंड मातीने लिंपायचं, आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहायची, कीड लागायची नाही. दाजी सांगतात, एकेका पेवातल्या हळदीचे मालक वरच्या वर कागदावर तीनतीनदा बदलत. हळदीला त्याचा पत्ताही नसे. आणि तरुणपणी पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या जत्रेत रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे सौदे केलेला हा माणूस. भाव उघड न बोलता ठरतो, हेही त्यांना ठाऊक. म्हणजे भाच्याचा धंदा दाजींना न कळण्यासारखा नव्हता. जास्तच कळला होता.

"माल कुठाय?" एवढंच ते विचारत होते.

भाच्याने घेणाऱ्याची जाहिरात मला दाखवली. तयार करून ठेवली होती, फक्त पाटी लागायची बाकी. हे नाणं म्हणे हळदीच्या साठ्यावर उभं आहे. साठा कुठे आहे ते लिहिलेलं नव्हतं. दरमहा आठ टक्के मिळतील असं लिहिलं होतं, तेही ठळक अक्षरांत. वर सुंदर रंगीत फोटो. दाजींनी चष्मा लावून तो फोटो पाच मिनिटं पाहिला.

"हे आलं हाय," ते म्हणाले.

आणि होतंही तसंच. हळदीच्या फोटोच्या जागी त्या शहाण्याने आल्याचा फोटो लावला होता. सांगलीच्या नावाने हळद विकायला निघालेल्या माणसाला हळकुंड ओळखता येत नव्हतं.

दरमहा टक्के म्हटलं की मला धडकी भरते. पुण्यात २०१८ मध्ये बिटकॉइनच्या एका योजनेचं प्रकरण पोलिसांत गेलं, ते आठवतं. त्यात दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष होतं. पुढे बिटकॉइनऐवजी घरचंच एक नाणं काढून लोकांच्या हातावर ठेवलं, अशी तक्रार होती. त्यात पेन्शनर होते, मास्तर होते. आमच्यासारखेच सगळे, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणारे.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, मी नाणं विकत नाहीये. पाटी विकतोय. तुम्ही घर विकताना घेणाऱ्याला विचारता का, आत काय करणार म्हणून?"

प्रश्न वाजवी होता. मी एकदा जुनी सायकल विकली होती. घेणाऱ्याने त्या सायकलवरून पुढे काय काय केलं असेल, ह्याची मी कधी चौकशी केलेली नाही.

"घरावर गावाचं नाव नसतंय," दाजी म्हणाले.

"सांगली हे नाव काय कुणाच्या मालकीचं आहे? सहा गल्ल्यांवरून पडलंय म्हणतात. त्या सहा गल्ल्यांना विचारू?"

ह्यावर मी माझं वाचन पुढे केलं. साताऱ्याचा माणूस नावांच्या बाबतीत जरा हळवा असतो. आमच्या किल्ल्याने सगळं सोसलेलं आहे. औरंगजेबाने १७०० साली तो घेतला आणि त्याचं आझमतारा करून टाकलं. पुढे मराठ्यांनी परत घेतला, तो अजिंक्यतारा झाला. तेव्हा पाटी बदलायला तोफा लागत. आता बाराशे रुपये लागतात. पण एक नवी गोष्ट आपल्या कायद्याने केली आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा. त्याखाली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नोंदलेली आहे, सांगलीचा बेदाणा २०१६ मध्ये नोंदला गेला आणि सांगलीची हळद २०१८ मध्ये. आणि त्या कायद्याचं चोविसावं कलम सांगतं की असं नोंदलेलं नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. एवढ्या मोठ्या बाजारात, जिथे क्रीडागृहाचं कपाळही विकतं, तिथे एक नाव असं ठेवलंय की जे कुणाच्याच बापाला विकता येणार नाही. मला हे वाचून भलतंच बरं वाटलं होतं. ते मी जरा आवाज चढवून सांगितलं.

"तो कायदा हळदीला," भाचा म्हणाला. "नाण्याला नाही. आणि माझ्या पाटीला तर नाहीच." ह्याने कायदा माझ्याआधी वाचला होता. हल्लीच्या पोरांचं हेच वाईट, ती अज्ञानाने चूक करत नाहीत.

मग त्याने बापाच्या वर्मावर बोट ठेवलं. "आणि दाजी..." (घरात सगळेच त्यांना दाजी म्हणतात, पोरगासुद्धा) "...माल कुठाय, माल कुठाय करताय. २००५ च्या पुरात पेवं बुडली तेव्हा तुमचा माल कुठं होता? वरती पावत्या होत्या, खाली चिखल होता. मग तुमच्या पावत्या आणि ह्याचं नाणं ह्यात फरक काय?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. २००५ चा पूर ह्या घरात कुणी उगीच काढत नाही.

"फरक हाय," शेवटी ते म्हणाले. "माझं दार हरिपुरात नव्हतं, हितं होतं. पूर उतरला तसं लोक हितं आलं."

बाकीचं मला ताईने रात्री सांगितलं. पेवातली हळद कुजली तेव्हा त्यात दाजींची थोडी आणि शेतकऱ्यांची बरीच होती. त्यांनी ती कुठल्या कागदावर ठेवली नव्हती. "अमक्याच्या अडतीवर टाकलीय" एवढ्यावर ठेवली होती. दाजींनी विश्रामबागेतला प्लॉट विकला. ज्याचं जेवढं द्यायचं तेवढं पुरतं जमलं नाही. दोन वर्षं लागली. त्यातला एक म्हातारा तर पैसे घ्यायला तयार नव्हता, पाणी काय तुम्ही आणलं होतं का म्हणाला. त्याच्या पोराच्या हातात नेऊन दिले. "म्हणून तर तुझ्या भाच्याला तेव्हा झेरॉक्सचं दुकान काढून द्यावं लागलं," ताई म्हणाली. "नाहीतर प्लॉटवर काहीतरी बरं झालं असतं." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली की कसल्या, ते मला अंधारात कळलं नाही.

मी रात्रभर विचार करत पडलो. सांगली जिल्ह्याच्या विटा-खानापूर भागातली गलाईची मंडळी सगळ्या हिंदुस्थानात पसरली आहेत. दूरच्या कुठल्याशा शहरात, भाषा येत नाही अशा गल्लीत, लोक त्यांच्या हातात सोनं देतात, वितळवायला. हातात दिलेलं सोनं मुशीत गेलं की मुळात काय दिलं होतं ह्याला पुरावा राहत नाही. तरी देतात. ते ज्यामुळे देतात, त्यातली चिमूटभर भाच्याच्या बाराशे रुपयांच्या पाटीवर येऊन पडली होती. दाजींच्या प्लॉटमधलीही थोडी असेल. त्याचे चार लाख येत होते. नुसत्या 'कॉइन'चे कुणी चारशे दिले नसते. भाच्याने ही चिमूट चोरली म्हणावं तर तसंही नाही. तो ह्याच घरातला, त्याच प्लॉटचा वारस, आणि त्याच्या वाट्याला आलं होतं झेरॉक्स मशीन. बापाने नावापायी जे घालवलं ते पोराने नावातूनच वसूल केलं तर त्याला काय म्हणायचं? मी पेन्शनर आहे, न्यायाधीश नाही. पण जो माणूस मला आल्याला हळद म्हणून दाखवतो, त्याला मी स्वतः घराची किल्ली देणार नाही. पाटी मात्र देईन का? पहाटे पाचपर्यंत मला वाटत होतं की देईन. पाच वाजता ताई उठली, तिने चहाचं आधण ठेवलं, आणि तिच्या पायांचा आवाज ऐकताना माझं मत फिरलं. दोन वर्षं ह्याच पावलांनी ती आलेल्या लोकांना चहा देत होती.

सकाळी दाजींनीच तोड काढली. "विकू नको असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "त्याला तीन गोष्टी इचार. हळद कुठं ठेवलीय. तू ऱ्हातोस कुठं. आन्‌ बुडाली तर लोकांनी कुणाच्या दारात जायचं. उत्तर आलं तर दे जा पाटी. माझं काय बी म्हणणं न्हाई." भाच्याने ते तिन्ही प्रश्न इंग्रजीत टंकून पाठवले. मी व्याकरण तपासलं. माझा एकंदर तोडग्यातला वाटा तेवढाच.

उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. "मामा, त्याने तेच नाव घेतलं. डॉट कॉमऐवजी दुसरं शेपूट लावून. काही शे रुपयांत. नाणं निघतंय त्याचं. माझे चार लाख मात्र गेले." मी म्हटलं, "अरे, पण..." आणि पुढे मला काही सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. आपण उठलो नाही म्हणून गाडी थांबत नाही, आणि मागच्या गाडीला जागा भरपूर. त्याने काय साधलं असं त्याने विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण पोरगं भलं, त्याने विचारलं नाही. मुलीच्या फीसाठी दाजींनी ठेव मोडली आणि राहिलेलं बँकेचं कर्ज काढलं. भाच्याने साठातल्या पंचावन्न पाट्या सोडून दिल्या. पाचच ठेवल्या.

मार्चमध्ये त्या पाटीचं भाडं भरायची वेळ आली. मी तेव्हा तिथेच होतो. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. भाचा म्हणाला, "ही पण सोडून देतो. आता कोण घेणार?"

"सोडली तर?" दाजींनी विचारलं.

"तर तोच घेईल. टपून बसला असेल."

दाजींनी बंडीच्या आतल्या खिशातून पैशांची पुरचुंडी काढली. "किती?"

"वर्षाचे बाराशे. एकदम जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात. त्याहून जास्त नाही."

"दहाचं भर."

"दाजी, बारा हजार होतात! त्या दारामागं काही नाही. नुसतं कुलूप."

"असू दे," दाजी नोटा मोजत म्हणाले. मोजताना ते नेहमीप्रमाणे मधेच थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "आन्‌ दहा वर्सांनी तुझ्या पोरीला सांग, तारीख चुकवू नको म्हणावं."